तळघरात वापरलेली मेणबत्ती

ताईचा निरोप आला तेव्हा तो बाराव्या मजल्याच्या वर, लिफ्टच्या मशीनघरात, उलट्या ठेवलेल्या रंगाच्या डब्यावर बसून जेवत होता. ताईचे निरोप एरवी हातचं राखून आलेले असायचे, पोचलास का, ताप उतरला का, चावी शेजारी ठेवली आहे. आज मात्र आधी एक फोटो होता, चौकटीच्या जुन्या वहीच्या पिवळ्या पडलेल्या पानाचा, आणि त्याखाली तिने एवढं लिहिलं होतं की त्याला बोटाने वर सरकवत वाचावं लागलं. ‘बारक्या, सुचलं! मेण! मेणबत्तीचं मेण पहारेकऱ्याच्या किल्लीवर दाबायचं आणि तो ठसा लोहाराला नेऊन द्यायचा. एकतीस वर्षं लागली बघ. पण आपली वही काढून पाहिली तर मेणबत्ती मी आधीच तळघरात घालवून बसले होते. काय बावळट होते मी! पोरीने तो खेळ नेटवरून काढून दिलाय. संध्याकाळी वर्कशॉपवर ये. दारापर्यंत आणून ठेवलंय, पुढचं तुझ्याशिवाय नाही.’ त्याने फोटो मोठा केला. पानावर एकाखाली एक चौदा वस्तू होत्या, प्रत्येकीपुढे ती कुठे सापडली आणि कुठे वापरली ते ताईच्या तिरक्या अक्षरात, आणि वापरून झालेल्या वस्तूवर पट्टी लावून मारलेली सरळ रेघ. सहावी रेघ तेवढी सरळ नव्हती. सुरुवातीला ती जरा वर चढली होती, मधे खाली आली होती आणि शेवटी घाईघाईने संपली होती. तोंडातला घास त्याने पाण्याबरोबर खाली ढकलला, डबा बंद केला आणि मेकॅनिकने “झालं एवढ्यात, साहेब?” म्हणून विचारलं तेव्हा भूक नसल्याचं सांगितलं.

तो लिफ्टचा तपासनीस होता. लोक ज्या लिफ्टमध्ये आरशात बघून केस सारखे करतात, तिच्या टपावर उभा राहून तो दोर, चाकं, दारांची कुलुपं तपासायचा, आणि सगळं जागच्या जागी असलं तर वर्षभरासाठी सही करून द्यायचा. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याने न बघितलेल्या गोष्टीपुढे ‘ठीक’ लिहिलं नव्हतं. ऑफिसात त्याला फुटपट्टी म्हणत, तोंडावर पट्टीसाहेब. कारण त्याच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी असे, आणि नोंदवहीत काही चुकलं तर तो ते कधी गिरवत नसे की खोडत नसे. चुकलेल्या शब्दावर पट्टी ठेवून एक रेघ मारायची, अशी की खालचा शब्द वाचता यावा, बाजूला बरोबर शब्द लिहायचा, आणि पुढे सही व तारीख. नियम तसा सगळ्यांनाच होता, पण पाळणारा हा एकटा. नवीन आलेली माणसं त्याची नक्कल करून चहाच्या टेबलावर हशा पिकवायची आणि तोही हसायचा, कारण हसण्यासारखंच होतं ते. पट्टी पहिल्यांदा खिशात का आली, हे मात्र त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी त्याने सांगितलं नसतं.

जेवणानंतर ब्रेकची चाचणी होती. टपावर उतरून त्याने मेकॅनिकला लिफ्ट हळू खाली घ्यायला सांगितली आणि भिंतीवरचे मजल्यांचे आकडे एकामागून एक वर सरकू लागले. अंधारात ग्रीसचा वास, लोखंडाचा गारवा, दोरांचा तो सलग घसरता आवाज, ही त्याची आवडती जागा होती. इथे त्याला कुणी काही विचारत नसे. आज मात्र आकडे वर जाताना त्याला बोकड दिसत होता. पांढरी दाढी, वाकडी शिंगं, तोंडात अर्धी मेणबत्ती. एवढा मोठा माणूस, दोन मुलांचा बाप, आणि त्याचं जेवण अर्धवट राहिलं होतं ते एका चित्रातल्या बोकडामुळे. नऊ, आठ, सात. खाली पोचल्यावर त्याने नोंदवही मांडीवर घेतली, ‘ब्रेक’ या रकान्यात ‘ठीक’ लिहिलं आणि पान उलटलं. मेकॅनिक जरा चाचरत म्हणाला, “साहेब, ब्रेक बघायचाय अजून. नुसतेच खाली आलो आपण. भार कुठे भरलाय?” त्याने पान परत उलटून पाहिलं. शब्द तिथे होता, त्याच्याच हातचा, ठसठशीत. “अरे हो,” तो म्हणाला, “हो, हो.” मेकॅनिक त्याच्याकडे असा बघत राहिला की जणू लिफ्टच बोलली. त्याने पट्टी काढली, रेघ मारली, बाजूला ‘चाचणी बाकी’ लिहून सही केली, तारीख घातली. हाताला ग्रीस लागलं होतं, पट्टी किंचित घसरली, आणि त्या रेघेकडे बघताना त्याला शरमेने कानांपर्यंत गरम झालं.

बाबा टाइपरायटर दुरुस्त करायचे, पुढे पुढे ऑफिसांतली इतर यंत्रंही. त्या वर्षी शाळांना मोठी सुट्टी लागली आणि एका ऑफिसात रंगकाम निघालं, म्हणून तिथला संगणक बाबा सांभाळायला घरी घेऊन आले. दीड महिना तो त्यांच्या जेवणाच्या टेबलावर होता आणि घरातली माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवत होती. आईने त्याच्यावर टाकायला जुन्या पडद्याचं कापड शिवलं. त्यात पत्रं होती, कोष्टकं होती, आणि कुणा कारकुनाने गुपचूप ठेवलेला एक खेळ होता. त्या खेळात धावायचं नव्हतं, गोळ्या घालायच्या नव्हत्या. एक गाव होतं, नुसतं चित्रांचं, आणि त्यात लाल टोपी घातलेला एक बुटका प्रवासी. त्याला इकडून तिकडे न्यायचं, दिसेल ते उचलून थैलीत टाकायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, आणि कुठली वस्तू कुठे उपयोगी पडेल ते डोकं चालवून शोधायचं. विहिरीतून दोरीने काय काढायचं, आंधळ्या म्हातारीला आरसा का हवा आहे, तळघरातला दिवा कशाने पेटतो. घाई कसलीच नव्हती. तुम्ही तासभर विचार करत बसलात तरी प्रवासी एक पाय हलवत उभा राहायचा. ताई तेव्हा सोळा वर्षांची, शाळेची शेवटची परीक्षा नुकतीच देऊन मोकळी झालेली. हा अकराचा. ती विचार करायची आणि हा कळा दाबायचा, असं वाटप झालं होतं. तिने पहिल्याच दिवशी दोन कायदे केले. एक, या खेळात फुकट काही देत नाहीत, प्रत्येक वस्तूचं काही ना काही काम असतं, म्हणून सगळं वहीत लिहायचं. दुसरा, काही नवीन घडलं की लगेच सेव्ह करायचं, कारण वीज कधी जाईल सांगता येत नाही. सेव्ह करायला खेळात जागा एकच होती. नवं जुन्याच्या डोक्यावर बसायचं आणि जुनं गेलं ते गेलं.

तिसऱ्या आठवड्यात ते त्या दारापाशी पोचले. दगडी कमान, लोखंडी दार, आणि दाराला टेकून झोपलेला जाडजूड पहारेकरी. किल्ली त्याच्या गळ्यात. किल्लीला हात लावला की तो जागा व्हायचा आणि प्रवाशाला मानगूट धरून वेशीबाहेर फेकायचा. गावात एक लोहारही होता, ज्याला सबंध खेळात काही कामच नव्हतं. बोलायला गेलं की तो ऐरणीवर कोपर टेकून एकच वाक्य म्हणायचा, नमुना आणा, घडवून देतो. त्यांनी त्याला थैलीतल्या साऱ्या वस्तू नेऊन दाखवल्या. तो मान हलवायचा. ताई जेवताना अचानक घास हातात धरून थांबायची, “बारक्या, पहारेकऱ्याला गाणं ऐकवलं तर?” आणि दोघं उठून टेबलाकडे पळायचे, आई ओरडत राहायची. किती सुखाचे दिवस होते ते! त्याला अजून त्या टेबलाच्या कडेचा वास आठवायचा, गरम झालेल्या धुळीचा आणि ताईच्या खोबरेल तेलाचा, कारण ती पडद्यात डोकं घालून बसायची आणि तो तिच्या खांद्यावरून बघायचा. पण सुखाचं हे सगळं त्याला कधी नुसतं सुखाचं म्हणून आठवता येत नसे. कारण दारापाशी पोचायच्या चार दिवस आधी बोकड होऊन गेला होता.

त्या दुपारी ताई निकालाआधीच्या कसल्याशा माहितीसाठी शाळेत गेली होती, दप्तरपेटीसकट, म्हणजे कंपास आणि पट्टीसकट. एकटा खेळू नकोस असं ती सांगून गेली नव्हती, कारण तो खेळेल असं तिला वाटलंच नव्हतं. त्याने नुसता फेरफटका मारायचं ठरवलं. पुलापलीकडे बोकड चरत होता. त्याला कोबी देऊन त्यांनी पूल केव्हाच ओलांडला होता, त्याचं काम संपलं होतं. पण बोकड म्हटल्यावर तो आणखी काय खातो हे बघायला नको? त्याने जोडा देऊन पाहिला, बोकडाने तोंड फिरवलं. आरसा दिला, बोकड स्वतःवरच गुरकावला. मेणबत्ती दिली. बोकडाने ती कचाकच चावून खाल्ली, क्षणभर डोळे मोठे केले, आणि त्याला उचकी लागली. उचकीबरोबर तोंडातून एक छोटी ज्योत बाहेर आली आणि त्याच्या दाढीचं टोक पेटलं. ते त्याने फू करून विझवलं, मग पुन्हा उचकी, पुन्हा ज्योत. तो खुर्चीवरून खाली पडेपर्यंत हसला. हसत हसतच वर आला आणि कायद्याप्रमाणे, नवीन काहीतरी घडलं म्हणून, त्याने सेव्ह केलं. कळ दाबल्याचा तो बारीक आवाज आणि त्याबरोबर सगळं हसू पोटात जाणं, हे दोन्ही एकाच क्षणी झालं होतं. थैलीत मेणबत्तीची जागा रिकामी होती. ताईला हे ऐकवायचं, तिला बोकड दाखवायचा, म्हणून तो आधी दाराकडे धावलाही होता. पण बोकड पुन्हा दाखवायला आता मेणबत्ती नव्हती, आणि प्रत्येक वस्तूचं काही ना काही काम असतं. मग त्याने वही उघडली. ताईसारखं अक्षर तिरकं काढत ‘तळघरात वापरली’ असं लिहिलं, जीभ दातांत धरून, आणि वर रेघ मारली. पट्टी नव्हती, म्हणून हातानेच.

पाच वाजता त्याने मेकॅनिकला निरोप दिला आणि चालत निघाला. बस होती, पण बसमध्ये बसून राहणं त्याच्याने झालं नसतं. चालताना तो पुन्हा पुन्हा तेच वाक्य जुळवत होता आणि प्रत्येक सिग्नलला ते मोडत होतं. ताई, मला एक सांगायचंय. ताई, तुला तो बोकड आठवतो? बेचाळीस वर्षांच्या माणसाने सत्तेचाळीस वर्षांच्या बहिणीपुढे जाऊन मेणबत्ती बोकडाने खाल्ली असं सांगायचं, म्हणजे लोकांनी त्याला आधी पाणी दिलं असतं आणि मग डॉक्टरचा पत्ता. हे असं आहे म्हणूनच तर ते राहून गेलं होतं. तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तो तोंड उघडून बसला होता, तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली. बाबा गेले तेव्हा दोघं बाकावर शेजारी शेजारी बसले होते, तेव्हाही जिभेवर आलं होतं, आणि अशा वेळी असलं काही सुचतं म्हणून स्वतःचीच घृणा वाटली होती. मधे वर्षंच्या वर्षं तो ते विसरूनही गेला होता, असं तो स्वतःला सांगायचा. पण विसरलेल्या माणसाच्या खिशात पट्टी कशाला राहिली असती?

नुसता बोकड असता तर त्याने खरंच हसण्यावारी नेलं असतं. पण ताईने त्या दाराशी एक पैज लावली होती. दुसऱ्या शहरात एक मोठी संस्था होती, संगणक शिकवणारी. तिचा फॉर्म शाळेतल्या बाईंनी मुद्दाम ताईच्या हातात दिला होता. बाबा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. घराबाहेर राहायचं, सगळी मुलंच असणार, झेपेल का, एवढंच म्हणायचे. तो फॉर्म चौकटीच्या वहीत मागच्या पुठ्ठ्याला लावून ठेवलेला होता. एक दिवस भांडी घासताना ताई त्याला म्हणाली होती, “कुणाला सांगू नकोस हं. हे दार उघडलं ना, तर मी फॉर्म भरणार. नाही उघडलं तर समजायचं, आपलं डोकं शाळेपुरतंच.” ती हसत म्हणाली होती, पण ती असलं हसत म्हणायची आणि पाळायची. त्यानंतरचे सोळा दिवस तो तिच्या शेजारी बसून राहिला. तिच्या एकेका युक्तीला मान डोलवत, कळा दाबत, वर स्वतःच सुचवत, ताई, पहारेकऱ्याच्या नाकाला पीस लावून बघू? म्हणजे आपलं काहीच माहीत नाही असं दिसावं. शेवटच्या आठवड्यात ताई म्हणाली, “पहिल्यापासून खेळू या का? कुठेतरी काहीतरी राहिलंय आपलं.” पाच दिवस होते, वही हाताशी होती, दोन दिवसांत दारापर्यंत आले असते. थैलीत मेणबत्ती घेऊन. आणि तळघरात ती वापरून बघितली असती, आणि तळघराने ती घेतली नसती. तो म्हणाला, “नको ना ताई! एवढं पुढे आलोय आपण. परत काय तेच तेच!” आणि रडवेला झाला, ते खोटंही नव्हतं. ती त्याच्या केसांतून हात फिरवून म्हणाली, “बरं, बरं.” ऑफिसचा रंग वाळला. बाबांनी संगणक पडद्यात गुंडाळून परत नेला. दोन दिवसांनी फॉर्मची तारीख टळली आणि ताई गल्लीच्या टोकाला एक बाई कवळ्या बनवायच्या त्यांच्याकडे काम शिकायला जाऊ लागली.

तेच वर्कशॉप आता ताईचं होतं. जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, जिथे लिफ्ट नव्हतीच, आणि तिथे चढून जाताना त्याला दर वेळी बरं वाटायचं, की इथे आपल्याला काही तपासायचं नाही. आज पायऱ्या संपूच नयेत असं वाटत होतं. दार उघडंच होतं. आत प्लॅस्टरची पांढरी धूळ, खिडकीशी लांब टेबल, स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पातळ लाद्या, आणि फळीवर ओळीने लोकांचे जबडे, प्रत्येकाला आकड्याची चिठ्ठी. ताई चष्मा कपाळावर चढवून एका साच्यात गरम सुरीने मेण बसवत होती आणि तिच्या कोपराशी मुलीचा लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर दगडी कमान, झोपलेला पहारेकरी, आणि लाल टोपीवाला एक पाय हलवत उभा. इतकं लहान होतं ते चित्र, इतकं भरड. त्याला वाटलं होतं ते मोठं असेल.

“आलास? बैस. त्या स्टुलावर नको, प्लॅस्टर आहे,” ती म्हणाली. “सोमवारी हा खालचा जबडा करत होते. मेण दाबलं, उचललं, आणि बघते तर आत ठसा. रोजचंच रे! तीस वर्षं माणसांच्या तोंडातला नमुना घ्यायचा आणि त्यावरून घडवायचं, हेच करतेय मी, दुसरं काय करतेय? नमुना आणा, घडवून देतो! मी सुरी ठेवली आणि एकटीच हसत बसले. पोरीला वाटलं आई गेली कामातून.” तिचा चेहरा उजळलेला होता. असा तिचा चेहरा त्याने जेवणाच्या टेबलापाशी पाहिला होता, त्यानंतर इतका नाही. त्याला वाटलं, बोलू नये. दार उघडावं, हसावं, चहा प्यावा आणि घरी जावं. वही हरवेल कधीतरी. मग ती म्हणाली, “पण एक कळत नाही. दुपारी तुला लिहिल्यावर मी तळघरात जाऊन आले. मेणबत्ती लावून बघितली, दिव्याला, शिडीला, सगळ्याला. घेतच नाही. इथे याचा उपयोग नाही, असं म्हणतो. मग मी तेव्हा ती तिथे वापरली कशी?” वही टेबलावर उघडी होती. ती तिच्याकडे बघत होती, त्याच्याकडे नव्हे. “वय झालं म्हणावं तर तेव्हा सोळाची होते.”

“तू नाही वापरलीस,” तो म्हणाला. जुळवलेल्या वाक्यांतलं एकही कामी आलं नाही. “मी बोकडाला दिली. तू शाळेत गेली होतीस. त्याने खाल्ली, आणि मी सेव्ह केलं. वहीत मी लिहिलं ते. रेघ पण माझी.”

ताईने सुरी दिव्यावर धरली होती, ती धरलेलीच राहिली. मग तिने ती खाली ठेवली, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि वही जवळ घेतली. सहाव्या रेघेवरून तिने नखाने हळूच वर, खाली आणि शेवटपर्यंत रेघ ओढली. “हो की,” ती म्हणाली. तिने नख परत रेघेच्या सुरुवातीला नेलं. फळीवरचे जबडे, खालून जाणारी गाडी, लाल टोपीवाल्याचा हलणारा पाय. त्याला ते सहन होईना, म्हणून तो बोलत सुटला. तो फॉर्म, ती संस्था, मी सांगितलं असतं तर तू कुठल्या कुठे असतीस, माझ्यामुळे तुझं सगळं आयुष्य...

“ए,” ती म्हणाली, “माझ्या आयुष्याला हात लावू नकोस. ते वाईट गेलं असं तुला कुणी सांगितलं? माझ्या हाताची कवळी तोंडात घालून लोक लग्नांत फोटो काढतात. आणि तुझ्या एका मेणबत्तीने माझं आयुष्य फिरलं, एवढा मोठा समजू नकोस स्वतःला.” तिचा आवाज चढला होता, आणि मग एकदम उतरला. “पण पहिल्यापासून खेळू या का म्हणून मी विचारलं होतं. तुला आठवतं?”

“आठवतं.”

“तेव्हा नको म्हणालास. रडलास. मला वाटलं, पोरगं दमलंय, कशाला छळायचं.” तिने डोळे पुसले नाहीत, ते भरून आले तसेच राहू दिले. “आणि सोळा दिवस शेजारी बसून होतास रे. पीस लावू का म्हणत होतास. मी डोकं फोडत होते आणि तू बघत होतास. त्याच्यानंतर मला कधी काही येईनासं झालं ना, म्हणजे बँकेतला कागद असो, पोरीचं गणित असो, मी लगेच म्हणायचे, आपलं डोकं शाळेपुरतंच. हे मी खरं धरलं होतं, बारक्या. खरं होतं का ते?”

“नाही,” तो म्हणाला. “भीती वाटली होती मला.” एवढंच त्याच्याजवळ होतं आणि ते फार कमी होतं, हे त्याला दिसत होतं.

ती लॅपटॉपकडे वळली. आता खेळात सेव्ह करायला हव्या तितक्या जागा होत्या, तिने ओळीने केल्या होत्या, प्रत्येकीला नाव देऊन. पुलापाशी सेव्ह केलेली तिने उघडली. बोकड चरत होता. तिने थैलीतून मेणबत्ती काढली आणि त्याच्यापुढे धरली. कचाकच, मोठे डोळे, उचकी, ज्योत, दाढी, फू. ती हसली नाही. तिने परत पहिल्यापासून तेच केलं. ज्योत, दाढी, फू. “हे तू एकट्याने बघितलंस,” ती म्हणाली.

मग तिने वही त्याच्यापुढे सरकवली. “तुझी पट्टी असेल ना खिशात? नीट कर ते.”

त्याने पट्टी काढली. हे काम त्याने हजारदा केलं होतं. ‘तळघरात वापरली’ या शब्दांवर पट्टी ठेवली, पण कागद जुना होता, मऊ पडलेला. पट्टी दोनदा सरकली. तिसऱ्यांदा ताईने एक बोट तिच्या टोकावर दाबून धरलं, प्लॅस्टरने पांढरं झालेलं बोट. त्याने रेघ मारली, खालचे शब्द वाचता येतील अशी. बाजूला ‘बोकडाला दिली’ असं लिहिलं, आपल्या अक्षरात, सही केली आणि थांबला. “तारीख कुठली घालू?”

“आजची घाल. मला आज कळलं.” त्याने तारीख घातल्यावर तिने वही मिटली आणि त्याच्या हातात दिली. “आता ही घेऊन जा. मला दिसायला नको काही दिवस. दार मी उघडते. एकटी उघडते. रागावू नकोस, मीच रागावलेय.”

तो बाहेर आला आणि मागे दार लागलं, आपटलं नाही, नुसतं लागलं. जिन्याच्या वळणापर्यंत उतरला, आणखी काही पायऱ्या, आणि पायरीवर बसला. वही मांडीवर होती. मागचा पुठ्ठा जाड लागला म्हणून त्याने चाचपला. फॉर्म अजून तिथेच लावलेला होता, चारी कोपरे चिकटलेले, आत काहीच न लिहिलेला. ताईला ते माहीत होतं की नव्हतं, हे त्याला कळेना. त्याने तो काढला नाही. वरून बारीक आवाज येत होता. उचकी, मग फू, पुन्हा उचकी, आणि त्यावर ताईचं हसू फुटलं, आधी दाबलेलं आणि मग मोकळं, खुर्चीवरून खाली पडण्याइतकं. तो भिंतीला डोकं टेकून ऐकत राहिला. हसावं असं त्याला वाटत होतं आणि हसू येत नव्हतं. मग ते थांबलं. कुणीतरी पिशव्या घेऊन त्याला ओलांडून वर गेलं, जिन्यातला दिवा लागला, आणि तो अजून तिथेच होता. दारापाशी असं बसून राहण्याचा त्याला काही हक्क आहे का, याचा तो विचार करत होता, तेवढ्यात फोन थरथरला.

‘उघडलं.’

त्याने ते दोनदा वाचलं. लगेच दुसरा निरोप आला. ‘आत आणखी एक दार आहे.’

मग बराच वेळ काहीच नाही. ती लिहितेय एवढंच दिसत होतं, थांबत होतं, पुन्हा दिसत होतं. पायरीची कड मांडीला रुतत होती, तरी तो हलला नाही.

‘वही तुझ्याकडे आहे. कुठवर गेलास?’

तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे, खालून चौथी पायरी, असं त्याने मोजून लिहिलं आणि तो उठला.